वेताळ, चेटकीण आणि शिंग्रोबा

खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाणारे गाडीवाले तिथे नाणं टाकतात, हात जोडतात आणि पुढे निघतात. लोककथा अशी, की या बोरघाटातून रेल्वेची वाट कुठून काढावी हे इंग्रज साहेबांना उमगेना, तेव्हा शिंग्रोबा धनगराने ती दाखवली. बक्षीस काय हवं, असं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि त्याला गोळी घातली गेली. या घाटातल्या रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरं झालं. पटकीने आणि अपघातांनी त्यात हजारो मजूर दगावले. एवढी माणसं जिथे गेली, तिथल्या गोष्टीत मेलेला धनगर कुणाच्या मानगुटीवर बसत नाही. तो वाट राखतो आणि ऐकणाऱ्या मुलाला एक प्रश्न देतो: त्याच्याशी जे झालं, ते बरोबर होतं का?

मराठीत मुलांसाठी लिहिल्या गेलेल्या भुताखेतांच्या गोष्टींचा मागोवा घेताना हाच धागा पुन्हा पुन्हा हाती येतो. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० च्या सुमारास ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. स्मशान, प्रेत, काळोखी रात्र असं सगळं तिच्यात आहे, पण वेताळाचं खरं हत्यार म्हणजे त्याचा प्रश्न. मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये सुरू झाला आणि चित्रकार शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा विक्रम राजा घरोघर पोहोचला. मुलं भीत भीत पान उलटत आणि राजाच्या आधी न्याय करू पाहत.

मग ही भीती रंगमंचावर आली. सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’ने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं. पुढे मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधल्या चेटकिणीची भूमिका आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, तर २०१८ च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी. तिला पाहून मुलं दचकतात आणि लगेच खिदळतात. अंधाऱ्या नाट्यगृहात शेकडो मुलांनी एकत्र घाबरणं आणि एकत्र धीट होणं, हे मराठी बालरंगभूमीचं मोठं देणं आहे.

भा. रा. भागवतांनी तिसरी वाट दाखवली. त्यांचा नायक, फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, गूढ दिसलं की पळ काढत नाही, त्याच्याकडे धावतो. भीतीला कुतूहलाने उत्तर देता येतं, हे त्याने मुलांना शिकवलं. जरा मोठी झालेली मुलं नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथांकडे आणि मतकरींच्या गूढकथांकडे वळली. ती पुस्तकं प्रौढांची होती, पण मुलांनी ती दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत वाचून काढली. धारपांच्या कथेतून स्फुरलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला. त्यातही भयाच्या मुळाशी माणसाची हाव आहे.

या दोनशे वर्षांच्या वाटचालीतून माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली आहे. ज्या गोष्टीतलं भूत नुसतंच दचकवतं, ते दुसऱ्या दिवशी विसरलं जातं. जे काही विचारतं, ते टिकतं. मुलांना भीती सोसते. पोकळ भीतीचा मात्र त्यांना चटकन कंटाळा येतो.

शिंग्रोबाच्या खंडाळ्याभोवतीच्या मावळात अशा गोष्टींना तोटा नाही. धुक्यात वाट चुकवणारा चकवा आहे, पिंपळावरचा मुंजा आहे, राजमाची आणि कोराईगडासारखे किल्ले आहेत. ज्या आजी-आजोबांना या गोष्टी येतात, त्यांच्याकडून शाळांनी त्या लिहून घ्याव्यात. दिवाळी अंकांच्या संपादकांनी मुलांच्या गूढकथेसाठी दरवर्षी थोडी पानं राखावीत. आणि लेखकांनी मुलांना घाबरवावं जरूर, पण त्यांना विचारण्याजोगा एक प्रश्नही द्यावा.