गाडीचा एक्झॉस्ट बदलायचाय? आधी काय बदलायचं आणि कुठं थांबायचं, ते समजून घ्या

रात्री रिकाम्या रस्त्यावरून एखादी स्विफ्ट किंवा पोलो घुमत जाते आणि बघणाऱ्याच्या डोक्यात एकच विचार येतो, आपल्या गाडीलापण असाच आवाज पाहिजे. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला फोन होतो. तो सायलेन्सर, हेडर, डाउनपाइप, रिमॅप अशी मोठी यादी वाचून दाखवतो. सगळं एकदम करण्याइतके पैसे नसतात. मग प्रश्न पडतो, आधी काय बदलायचं?

बहुतेक जण मागच्या सायलेन्सरपासून सुरुवात करतात. आवाज वाढतो, पण गाडी पळते तेवढीच. असं का होतं, हे कळायला धूर कुठून कुठं जातो ते बघावं लागतं.

धुराचा रस्ता

इंजिनच्या प्रत्येक सिलेंडरमधून निघालेला गरम धूर आधी मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो. टर्बो गाडी असेल तर तिथून तो टर्बोची चक्री फिरवतो आणि डाउनपाइपमध्ये उतरतो. पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग आवाज गाळणारा रेझोनेटर, शेवटी सायलेन्सर आणि टेलपाइप.

यातला जो भाग धुराला सगळ्यात जास्त अडवतो, तो बदलला तर ताकदीत फरक पडतो. आणि हा भाग प्रत्येक गाडीत वेगळा असतो.

टर्बो नसेल तर

स्विफ्टच्या १.२ लिटर इंजिनासारख्या साध्या पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डला महत्त्व असतं. एका सिलेंडरचा धूर जोरात बाहेर पडला की त्याच्यामागं कमी दाब तयार होतो आणि तो दुसऱ्या सिलेंडरचा धूर ओढून घेतो. हेडरचे लांब, नीट मापाचे पाइप याच ओढीचा फायदा घेतात. सायलेन्सर बदलून असं काही होत नाही.

इथंच एक मोठी चूक होते. पाइप जितका जाड तितकी ताकद जास्त, असं समजून लहान इंजिनाला जाड पाइप लावला जातो. जाड पाइपात धुराचा वेग मंदावतो, ती ओढ कमी होते आणि सिग्नलवरून गाडी उचलायला आधीपेक्षा जड जाते.

टर्बो असेल तर

इथं गणित बदलतं. टर्बोची चक्री फिरते ती तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकामुळं. त्यामुळं चक्रीच्या लगेच पुढं असलेला डाउनपाइप मोकळा केला की टर्बो लवकर जागा होतो.

हेडरचा मुद्दा तर काही टर्बो गाड्यांत येतच नाही. पोलोच्या १.० टीएसआय इंजिनात मॅनिफोल्ड सिलेंडर हेडमध्येच ओतलेला आहे, बदलायला वेगळा भाग नाही.

पण नुसता डाउनपाइप बदलून भागत नाही. टर्बोनं किती दाब द्यायचा हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि तो जुन्याच आकड्यांवर चालत राहतो. म्हणून डाउनपाइप आणि रिमॅप ही जोडीनं करायची कामं आहेत.

खरी गोम कॅटमध्ये आहे

ज्या दोन भागांतून खरी ताकद मिळते, त्या हेडर आणि डाउनपाइपलाच आजच्या अनेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जोडलेला असतो. तो लवकर तापावा म्हणून कंपन्या त्याला इंजिनाच्या जवळ बसवतात. त्यामुळं स्वस्तातला हेडर किंवा डाउनपाइप लावला की बऱ्याचदा कॅटच निघून जातो.

कॅटमधले प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं कमी घातक वायूंत रूपांतर करतात. भारतात १९९५ पासून चार महानगरांमध्ये नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. तो काढला की मागं बाइकवर बसलेलं लहान मूल जे श्वासात घेतं, ते थेट इंजिनातून आलेलं असतं. शिवाय कॅटच्या पुढचा सेन्सर ही गोष्ट पकडतो आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो.

कायदाही कडक आहे. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, वर तीन महिने लायसन्सही जाऊ शकतं. सोबत वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो आणि विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर क्लेमच्या वेळी वाद होतो.

मग क्रम काय?

पहिलं काम, आहे ती लाइन तपासणं. गंजलेला पाइप, तुटलेलं रबर, फुटलेलं गॅस्केट आधी बदला. पुढच्या सेन्सरच्या अलीकडं गळती असेल तर कॉम्प्युटर फसतो आणि पेट्रोल जास्त सोडतो. गळतीचा धूर केबिनमध्ये शिरला तर जिवाशी खेळ. हे काम स्वस्त आहे आणि अनेकदा गाडी यानंच सुधारते.

दुसरं, आवाज हवा की ताकद, हे ठरवणं. आवाजच हवा असेल तर कॅटच्या मागचा भाग, म्हणजे कॅट-बॅक, पुरेसा आहे. मात्र मर्यादेत राहणारा सायलेन्सर घ्या, रेझोनेटर काढू नका.

तिसरं, ताकद हवी असेल तर शेवटचा टप्पा आधी ठरवून पाइपाचं माप एकदाच घ्या, नाहीतर तोच पाइप दोनदा विकत घ्यावा लागतो. साध्या गाडीत हेडर, टर्बो गाडीत डाउनपाइप आणि रिमॅप, मग कॅट-बॅक. कॅट नसलेले पाइप फक्त ट्रॅकवरच्या गाडीसाठी.

रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीची यादी बहुतेक वेळा पहिल्या दोन कामांतच संपते. उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि ब्रेक पॅड आले, तर गाडीतला फरक पहिल्याच वळणावर कळतो.