आभासी उड्डाणाचे मोल

भारतीय हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचे मुख्यालय बंगळूरुतील हेब्बाळ येथे आहे. याच शहरात हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि कॅनडातील ‘सीएई’ यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या ‘हॅट्सऑफ’ संस्थेत वैमानिक जमीन न सोडता ध्रुव हेलिकॉप्टर उडवतात. एकाच हलत्या मंचावर निरनिराळ्या हेलिकॉप्टरांचे कॉकपिट बदलून बसवण्याची तेथे सोय आहे. मात्र अशा संगणकीय सिम्युलेटरवर हेलिकॉप्टर चालवणे कितपत शिकता येते?

हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर ठेवणे हा नवशिक्याचा सर्वात अवघड धडा. डाव्या हातातील कलेक्टिव्ह, उजव्या हातातील सायक्लिक आणि पायांखालची पेडल यांपैकी एक हलवले की उरलेली दोन सावरावी लागतात. यंत्र किंचित सरकल्याची जाणीव डोळ्यांच्या कडांना आणि शरीराच्या तोलाला आधी होते. घरच्या संगणकाचा पडदा ती देऊ शकत नाही. महागडे सिम्युलेटरही ती पूर्णांशाने देत नाही. म्हणूनच नाशिकच्या गांधीनगर तळावरील ‘कॅट्स’ या लष्करी शाळेत प्रत्यक्ष उड्डाणाला पर्याय नाही.

सिम्युलेटरचे खरे सामर्थ्य जीवघेण्या प्रसंगांच्या सरावात आहे. इंजिन बंद पडताच कलेक्टिव्ह तत्काळ खाली न्यावा लागतो. मग खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि सुरक्षित उतरता येते. ढगात शिरल्यावर कानातील तोलाची जाणीव फसवते, तेव्हा केवळ उपकरणांवर विश्वास ठेवावा लागतो. ८ डिसेंबर २०२१ च्या कुन्नूर अपघातात जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचे प्राण गेले. हवामान अकस्मात बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असा चौकशीचा प्राथमिक निष्कर्ष होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये मुंबई हायजवळ रात्रीच्या सरावादरम्यान पवनहंसचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून दोन वैमानिक दगावले. सरावदेखील प्राणघातक ठरू शकतो, याचे हे उदाहरण.

इतिहासात याला दाखला आहे. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले. खराब हवामानात उपकरणांच्या आधारे उडण्याचा सराव नसल्याने अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्कराने एडविन लिंक यांची सहा प्रशिक्षण यंत्रे विकत घेतली. सिम्युलेटरला मान्यता मिळाली ती अशी मृत्यूनंतर.

तेव्हा सिम्युलेटरवरील तास प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांची भरपाई म्हणून मोजू नयेत. ढगातील प्रवेश, रात्रीचा समुद्र, इंजिनाचा बिघाड यांचा सराव ठरावीक काळाने झाला की नाही, हे तपासावे. एक-दोन हेलिकॉप्टरे बाळगणाऱ्या कंपन्यांना हा खर्च जड जातो, हे खरे. परंतु मंत्र्यांच्या दौऱ्यांसाठी हेलिकॉप्टर भाड्याने घेणारे राज्य सरकार निविदेतच अशा सरावाच्या दाखल्याची अट घालू शकते आणि त्याचा खर्च दरात मान्य करू शकते. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.