क्षारसमुद्र इतका खोल का?

क्षारसमुद्राचा काठ समुद्रसपाटीपासून ४३० मीटरहून अधिक खाली आहे. पृथ्वीच्या पाठीवर उघड्या जमिनीत याहून खोल जागा नाही. हा खड्डा नदीने कोरलेला नाही. जमीन सरकल्यामुळे तो तयार झाला आहे.

पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तुकड्यांचे बनले आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात. तांबड्या समुद्रापासून तुर्कस्तानापर्यंत अशा दोन तुकड्यांमध्ये सुमारे १००० किलोमीटर लांबीची भेग आहे. तिच्या पूर्वेचा, म्हणजे जॉर्डनकडचा भाग, इस्राएलच्या भागापेक्षा दरवर्षी ४ ते ५ मिलिमीटर जास्त उत्तरेकडे सरकतो. आपली नखेसुद्धा याहून भरभर वाढतात!

भेग सरळ असती तर खड्डा पडला नसता. एक कागद घ्या. खालून वर कापत जा, मध्येच थोडे डावीकडे वळा आणि पुन्हा वर कापा. आता उजवा तुकडा वर सरकवा. वळणाच्या जागी चौकोनी फट पडेल. क्षारसमुद्राचा खड्डा असाच पडला.

याचा पुरावा तांब्याच्या खाणींत सापडतो. इस्राएलमधील तिमना आणि जॉर्डनमधील फेनान येथले तांबे असलेले खडक एकाच जातीचे आहेत. एकेकाळी ते शेजारी होते. आज त्यांच्यात सुमारे १०५ किलोमीटर अंतर पडले आहे. त्याला जवळजवळ दोन कोटी वर्षे लागली.

भेगेच्या दोन्ही बाजू बहुतेक काळ एकमेकींत अडकून राहतात. ताण साठतो, मग एकदम सुटतो. तोच भूकंप. आमोस संदेष्ट्याने आपल्या संदेशाचा काळ उज्जीया राजाच्या वेळच्या भूकंपावरून सांगितला आहे. इ.स. ७४९ मध्ये बेत शआन कोसळले, १८३७ मध्ये त्सफात. ११ जुलै १९२७ च्या भूकंपात शेकडो माणसे दगावली. भेगेपासून दूर असलेल्या लोद आणि रामला या गावांतही पुष्कळ घरे पडली, कारण मऊ मातीची जमीन जास्त हादरते. आज त्याच गावांत अनेक बेने इस्राएल कुटुंबे राहतात.

पुढचा भूकंप कधी होईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून आजी-आजोबांची इमारत १९८० पूर्वीची आहे का, हे घरात विचारावे. जमीन हादरू लागली आणि लगेच बाहेर पडता आले, तर मोकळ्या जागी जावे. ते जमले नाही तर ममादमध्ये जाऊन दार उघडे ठेवावे. ममादही नसेल तर भक्कम टेबलाखाली बसावे. हे आधीच ठरलेले असले म्हणजे ऐनवेळी गोंधळ होत नाही.