मोशेचे सासरे आणि पवनारचा आश्रम

यहुदी धर्मग्रंथातील मोशे हा पुरुष आपल्या वाचकांस अगदीच अपरिचित नसेल. मिसर देशाच्या फारो राजाच्या दास्यातून त्याने आपल्या लोकांस सोडविले व 40 वर्षे अरण्यातून चालविले. परंतु समुद्र दुभंगल्याच्या अद्भुत कथेपेक्षा ‘निर्गम’ ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातील एक घरगुती प्रसंग कुटुंबवत्सल माणसास अधिक विचार करावयास लावील.

मोशेचे सासरे इथ्रो हे मुलीस व नातवंडांस घेऊन जावयाच्या छावणीवर आले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो जावईबापू सकाळपासून सायंकाळपर्यंत एकटेच न्यायनिवाडा करीत बसलेले आणि लोक भोवती ताटकळत उभे! अशाने तूही झिजशील आणि हे लोकही थकतील, असे त्यांनी स्पष्ट बजावले. हजार, शंभर, पन्नास व दहा अशा समूहांवर सत्यनिष्ठ आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसे नेमावीत. लहान तंटे त्यांनीच तोडावेत, अवघड तेवढेच मोशेकडे यावेत, असा त्यांचा सल्ला होता. जावयास दहावा ग्रह मानणाऱ्या आपल्या समाजात एवढे बोलण्यास सासऱ्याची छाती होणे कठीण, आणि ते मुकाट्याने ऐकणारा जावई त्याहून दुर्मिळ. मोशेने ऐकले. पुढे ‘अनुवाद’ ग्रंथात तो स्वमुखाने हीच हकीकत सांगतो, तेव्हा सासऱ्यांचे नाव मात्र गाळतो, ही गोष्ट निराळी!

सर्व भार आपणच वाहावा असे वाटण्यात नेहमी लोभच असतो असे नाही. पुष्कळदा ती माया असते. तिजोरीच्या किल्ल्या कनवटीस लावून झोपणारे आजोबा घरादारावर प्रेमच करीत असतात. पण पन्नाशी गाठलेल्या मुलास साधा व्यवहार ठरविण्याची सवय लागत नाही, ती त्यामुळेच.

या दृष्टीने वर्धा जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास पाहण्याजोगा आहे. गांधीजी 1936 साली शेगावी राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. 17 ऑक्टोबर 1940 रोजी वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा पहिला मान त्यांनी स्वतःकडे न घेता पवनारच्या विनोबा भाव्यांस दिला. विनोबांचे नाव तोवर देशात फारसे कोणास ठाऊक नव्हते. जानेवारी 1942 मध्ये वर्ध्यासच भरलेल्या काँग्रेस महासमितीपुढे त्यांनी जवाहरलालजींस आपला वारस म्हणून सांगितले. मोशेनेही यहोशवास जिवंतपणीच सर्व मंडळीसमोर उभे करून त्याच्या मस्तकावर हात ठेवला होता. जवाहरलालजींचे व आपले मतभेद गांधीजींस पुरते ठाऊक होते, आणि तरीही त्यांनी हे केले, यात मला त्यांचे खरे मोठेपण दिसते.

गांधीजींच्या हत्येनंतर मार्च 1948 मध्ये रचनात्मक कार्यकर्ते सेवाग्रामी जमले. अनेकांची दृष्टी विनोबांकडे वळली. परंतु दुसरे बापू होणे त्यांनी पत्करले नाही. 1951 पासून ते भूदानासाठी पायी हिंडत राहिले. 1959 साली धाम नदीच्या काठी पवनारास त्यांनी भगिनींसाठी ब्रह्मविद्यामंदिर स्थापिले. तेथे कोणी मुख्य नसावे, सर्व निर्णय सर्वसंमतीने व्हावेत, असा दंडक घातला. नेतृत्वाऐवजी ‘गणसेवकत्व’ हा शब्द त्यांचाच. 1970 पासून 1982 साली देह ठेवीपर्यंत ते तेथेच राहिले. दूर जाऊन अधिकार सोडणे सोपे. त्याच अंगणात बसून तो न वापरणे अधिक कठीण, हे कोणतीही सासू सांगेल.

सर्वसंमतीची वाट मंदगतीची आहे, हे नाकारता येत नाही. चार जावांच्या स्वयंपाकघरात ती कितपत चालेल, याची मला शंकाच आहे. मोशेने एक वारस नेमला. विनोबांनी एकही नेमला नाही. तथापि मोशेचा ओढा दुसऱ्या बाजूसही होता. एकदा एलदाद व मेदाद हे दोघे परवानगीवाचून छावणीत ईश्वरी संदेश सांगू लागले. त्यांस थांबवावे, असे यहोशवाने मोशेस सांगितले. तेव्हा माझ्या मानासाठी तू का चिडतोस, अवघी मंडळीच असे बोलू लागली तर मला हवेच आहे, अशा अर्थाचे उत्तर मोशेने त्यास दिले.