निलगिरीच्या दलदलीतली पावसाची खतावणी



उन्हाळ्यात गट ऑफिसात बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "साहेब, असलं काही आमच्या बापजाद्यांनी बघितलं नव्हतं." मग १९७२ चा दुष्काळ निघतो, २०१६ साली लातूरला रेल्वेनं न्यावं लागलेलं पाणी निघतं, २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरकडं पुराखाली गेलेला ऊस निघतो. धास्ती खोटी नाही. पण बापजाद्यांची आठवण झाली तरी किती, शंभर वर्षांची. आपलं हवामान खातंसुद्धा १८७५ सालचं. त्याच्या फार मागं पाऊस कसा वागत होता, याचा काही पुरावा निलगिरीच्या डोंगरात सापडला आहे. त्या पुराव्याशी आपल्या उसाचंही नातं आहे, म्हणून तो सभासदांपुढं मांडतो.

उटीच्या परिसरात, दोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर, डोंगरांच्या खोलगटात पाणी साचून दलदल होते. तिथलं गवत, झाडपाला मरून पाण्याखाली जातो. पाचट कुजायला ओल लागते तशी हवाही लागते, हे आपण जाणतोच. कंपोस्टच्या खड्ड्यात पाणी तुंबलं की खत होत नाही, काळा लगदा तेवढा हाती येतो. दलदलीत हेच हजारो वर्षं चाललं आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचे थरावर थर बसत गेले. याला पीट म्हणतात. तळाचा थर सर्वांत जुना. थराचं वय काढायची रीत अशी, की वनस्पती मेल्यावर तिच्यातला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरला ते मोजायचं.

वय कळलं, पण पाऊस कसा कळणार? इथं ऊस येतो. हवेतल्या कार्बनमध्ये शंभरात साधारण एक भाग जड, म्हणजे कार्बन-१३ असतो. झाडं, भात, गहू हा जड कार्बन बराच टाळतात. ऊस, ज्वारी, मका तितका टाळत नाहीत, कारण त्यांची अन्न तयार करायची तऱ्हाच निराळी. ही तऱ्हा उसावरच्या कामातूनच उजेडात आली. हवाई बेटांवरच्या ऊस बागायतदारांच्या संशोधन केंद्रानं १९६५ साली ती प्रसिद्ध केली आणि लगेच ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक या दोघांनी तिचा पुरता उलगडा केला. या तऱ्हेच्या वनस्पती कडक उन्हात, कमी पाण्यात तग धरतात. (उसाला पाणीपिता म्हणून नावं ठेवतात, पण तेवढ्याच पाण्यात भातापेक्षा जास्त वाढ तोच देतो, हेही बोलून ठेवू.) तेव्हा ज्या थरात जड कार्बन जास्त, त्या काळी डोंगरावर उसाच्या तऱ्हेचं गवत जास्त, म्हणजे हवा कोरडी. जड कार्बन कमी, तर झाडझाडोरा जास्त आणि पाऊसमान चांगलं.

आर. सुकुमार, आर. रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे थर तपासून १९९३ साली निष्कर्ष मांडले. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात तिथं कोरडा काळ होता. त्या वेळी हवेत कर्बवायूच कमी होता, त्याचाही गवताला फायदा झाला असणार, म्हणून सगळं माप पावसाच्या पदरात घालता येत नाही. पुढं पाऊस वाढला. नंतर सुमारे सहा हजार ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी पुन्हा कोरडं पडलं. अलीकडं, सुमारे सहाशे वर्षांमागं, थोडका ओला काळ येऊन गेला.

आम्हाला विचाराल तर यातला मधला आकडा फार बोलका आहे. मोसमी पाऊस एकदा उतरणीला लागला की पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहू शकतो, आणि हे माणसानं धुराडी उभारण्याच्या कितीतरी आधी घडलेलं आहे. आता तर हवेत कर्बवायू वाढून उष्णताही वाढते आहे, त्याची यात भर.

मात्र पीट म्हणजे पंचांग नव्हे. एका नमुन्यात कित्येक वर्षांचा पाला एकत्र असतो, त्यामुळं एखादा पूर किंवा एका सालचा दुष्काळ त्यात वेगळा दिसत नाही. पुढच्या मृगात काय होईल, हे त्यावरून कुणी सांगू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. शास्त्रज्ञ त्याचा उपयोग दुसरीकडं करतात. पुढचं हवामान वर्तवणारी संगणकावरची गणितं आधी मागच्या काळावर चालवून बघतात. जे गणित सहा हजार वर्षांपूर्वीची हवा बरोबर दाखवतं, त्याच्या पुढच्या दुष्काळ-अतिवृष्टीच्या अंदाजावर जास्त भरवसा टाकता येतो.

आपल्यापुरतं बोलायचं तर आडसालीची लावण. विहिरीला चांगल्या सालातलं पाणी धरून क्षेत्र ठरवायची आपली सवय आहे. आडसाली ऊस पूर्ण उन्हाळा काढतो, आणि सलग दोन सालं पाऊस हुकला की पाईपलाईनचं कर्ज तेवढं हिरवं राहतं. म्हणून यापुढं आडसालीची नोंद घेताना विहिरीची मे महिन्यातली सर्वांत वाईट पातळी आम्ही विचारणार आहोत. ज्यांच्या घरी विहिरीच्या किंवा पावसाच्या जुन्या नोंदी असतील, मग त्या डायरीत असोत की भिंतीवर, त्यांनी त्या गट ऑफिसात दाखवाव्यात. उतरून घेऊन वही त्याच दिवशी परत देऊ.