पहिली सहा वर्षं (लेखांक ७) : पोर आत, घर बाहेर

गेल्या आठवड्यात अंगणवाडीतल्या खेळसाहित्याबद्दल लिहिलं. आज ते साहित्य हाताळणाऱ्या पोरांच्या घरांबद्दल.

मावळातलं उर्से गाव बाहेरच्यांना माहीत असतं ते द्रुतगती महामार्गावरच्या टोलनाक्यामुळे. पण इथे फिनोलेक्ससारखे मोठे कारखाने आहेत, शेजारी तळेगावचा औद्योगिक पट्टा आहे. अशा पट्ट्यात कामामागोमाग भाड्याच्या खोल्या भरत जातात : कुणी मराठवाड्यातलं, कुणी बिहारचं, कुणी उत्तर प्रदेशातलं. त्यांची तीन-चार वर्षांची पोरं जवळच्या अंगणवाडीत येतात. आई दारापर्यंत येते, पोराच्या चपला काढते, त्याला आत ढकलते आणि तशीच माघारी फिरते. सेविकेशी काय आणि कुठल्या भाषेत बोलावं, हे तिला उमगत नाही.

आणि वेगळेपण फक्त परप्रांतातूनच येतं असं नाही. मावळातले कातकरी इथलेच, त्यांची बोली इथलीच. महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. एवढे महिने गैरहजर राहिलेल्या पोरांबद्दल ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ असं म्हणणं मला साफ अन्यायाचं वाटतं.

घर आणि बालवाडी जोडण्याचा हा प्रश्न महाराष्ट्राने फार पूर्वी हाताळला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा दोघींनी पालकांना दोष दिला नाही, बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मोठी बहीण धाकट्याला सोडून शाळेत येऊ शकत नाही हे दिसलं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणणारी विकासवाडी उभी केली. शंख, बिया, पानं हेच शिकवण्याचं साहित्य. आधी घर पाहायचं आणि मग शाळेची घडी बसवायची, ही त्यांची रीत होती. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी हा शब्द सर्वत्र पोचला, ही रीत मात्र पुष्कळ ठिकाणी मागे पडली.

ती परत आणायला पैसा फार लागत नाही. नाव नोंदवताना आधारकार्डावरच्या लांबलचक नावाशेजारी घरी हाक मारायचं नाव लिहा. ‘गुड्डू’ म्हटलं की जे पोर मान वर करतं, ते कागदावरच्या नावाला कित्येकदा दादच देत नाही. घरात कोण कोण आहे, बोली कोणती, वडिलांची पाळी कुठली, हेही विचारा. पालकसभा भर दुपारी ठेवली तर पहिल्या पाळीचा बाप येणार कसा? ती कंपनीच्या सुटीच्या दिवशी ठेवा. आईला नुसतं ऐकायला बोलावू नका. तिच्या गावचं एखादं गाणं म्हणायला, लिट्टीची कणीक मळून दाखवायला बोलवा. आपली आई सगळ्यांसमोर बसलेली दिसली की पोराची भीड चेपते.

नवं पोर कधी कधी काही आठवडे तोंडच उघडत नाही. ते मंद नसतं, ऐकत असतं. अशा वेळी त्याच्या बोलीतले पाच-सहा शब्द सेविकेला आले तर त्याला मोठा आधार होतो.

‘मग आमच्या मुलांची मराठी मागे पडेल’, ही स्थानिक पालकांची काळजी मी समजू शकते. पण घरच्या बोलीला मान मिळालेलं पोर मराठीकडे न घाबरता येतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान वयात घरच्या भाषेवर भर आहे. न्यूझीलंडने तर १९९६ मध्येच माओरी लोकांना सोबत घेऊन ‘ते फारिकी’ हा बालशिक्षणाचा आराखडा केला. त्याच्या चार तत्त्वांत ‘कुटुंब आणि समाज’ हे एक आहे.

पण हे सगळं एकट्या सेविकेवर टाकून चालणार नाही. तिच्या डोक्यावर पोषण आहार, लसीकरण, वजनं, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी आधीच आहेत. गृहभेटीला निवांत वेळ मिळावा म्हणून तिच्या नोंदी कमी करायला हव्यात, आणि ते वरच्या कार्यालयांनी ठरवायचं आहे. गावाने आपल्यापुरतं एवढं करावं : तुमच्या आळीत नवं बिऱ्हाड आलं आणि त्यात लहान मूल दिसलं, तर त्या आईला अंगणवाडीपर्यंत घेऊन जा आणि पहिल्या दिवशी थोडा वेळ तिच्यासोबत आत बसा.