विश्लेषण : कॅमेरा हाती असताना वही कशाला? क्षेत्रनोंदी आणि रेखाटनासाठी ती निवडायची कशी?

हिवाळा सुरू झाला की उजनी जलाशयाच्या काठावर कॅमेरे दिसू लागतात. पलीकडे भिगवण, कुंभारगाव आणि अलीकडे करमाळा तालुक्यातील केत्तूर, वाशिंबे, कुगाव या भागांत रोहित, पट्टकादंब, चित्रबलाक, चक्रवाक टिपण्यासाठी हौशी छायाचित्रकार पहाटेच हजर होतात. एका सकाळी हजारभर फोटो निघतात. मात्र दोन वर्षांनी त्यातला एखादा फोटो उघडल्यावर तो कोणत्या काठावरचा, थव्यात पक्षी किती होते, त्या दिवशी पाणी कुठवर होते, हे सांगता येत नाही. या प्रश्नांची उत्तरे साध्या वहीत राहू शकतात. पण ती वही होडीतल्या पाण्याने, घामाने आणि काही वर्षांच्या वापराने खराब होणार नाही, अशी असायला हवी.

कॅमेरा सगळे नोंदवतोच ना?

सगळे नाही. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये ‘एक्झिफ’ नावाची माहिती आपोआप साठते. त्यात तारीख, वेळ, शटरचा वेग, ॲपर्चर, आयएसओ, लेन्सची फोकल लांबी हे तपशील असतात. ठिकाण मात्र जीपीएसची सोय असेल आणि ती सुरू असेल तरच नोंदले जाते. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असेल तर वेळही चुकते.

चौकटीबाहेर काय होते, हे तर कॅमेऱ्याला कळतच नाही. थवा कोणत्या दिशेने आला, तो कशामुळे उडाला, काठावर कुत्री होती का, पाणी उपसणारी मोटर सुरू होती का, पक्ष्याचा आवाज कसा होता, होडीवाल्या काकांनी ‘हे पक्षी पंधरा दिवसांपासून इथेच आहेत’ असे सांगितले का, हे फोटोत येत नाही. शिवाय फोटो काढले जातात ते देखण्या पक्ष्यांचे. ‘आज तीन तास थांबलो, एकही रोहित दिसला नाही’ ही नोंद तितकीच महत्त्वाची असते. पण न दिसलेल्या पक्ष्याचा फोटो निघत नाही.

अशा नोंदींचा खरेच उपयोग होतो का?

होतो, आणि त्याची उदाहरणे जवळचीच आहेत. डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादीने ते पसंत केल्यावर पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो, हे त्यातून उलगडले. त्यासाठी रोज काय घडले, याची सलग नोंद लागते. सोलापूरचे अरण्यऋषी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनामागेही वनखात्यातील नोकरीच्या काळात जंगलात केलेली निरीक्षणे होती.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या सहकाऱ्यांना क्षेत्रनोंदींची कडक शिस्त लावली. चांगला कागद, न पुसली जाणारी शाई आणि त्याच दिवशी नोंद, हे त्यांचे नियम होते. सुमारे शतकभरानंतर अभ्यासक त्या वह्या घेऊन योसेमिटी परिसरात त्याच ठिकाणी गेले. अभ्यासलेल्या २८ लहान सस्तन प्राण्यांपैकी निम्म्या प्रजातींच्या वावराची सीमा सरासरी सुमारे ५०० मीटर वर सरकल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. जुन्या नोंदी नसत्या, तर हा बदल मोजताच आला नसता.

करमाळ्यासाठी हा मुद्दा का महत्त्वाचा?

१९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले तेव्हा करमाळा तालुक्यातील माळरानेही त्यात होती. आज सोलापूर जिल्ह्यात माळढोक दिसणे ही दुर्मीळ घटना ठरते. तो कुठे, कोणत्या महिन्यात, किती संख्येने दिसत होता, हे आता जुन्या नोंदींवरूनच कळते. आज सहज दिसणाऱ्या पक्ष्यांबाबत पुढच्या पिढीवर हीच वेळ येऊ शकते.

उजनीचे गणितही वेगळे आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. पाणी मृतसाठ्याच्या खाली गेले की धरण ‘उणे’ होते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. पक्ष्यांसाठीही पातळी निर्णायक ठरते. रोहित उथळ पाण्यात, चिखलात चोच उलटी बुडवून खातो. पातळी उतरली की अशा उथळ जागा उघड्या पडतात आणि धरण भरलेले राहिले की त्या लांबणीवर पडतात. त्यामुळे नोंदीच्या पहिल्या ओळीत तारखेसोबत त्या दिवशीची उजनीची टक्केवारी लिहिली, तर काही वर्षांनी तीच वही पाणी आणि पक्षी यांचे नाते सांगू लागते.

आकार कोणता घ्यावा?

जी वही घरी राहते, ती कितीही चांगली असली तरी निरुपयोगी. म्हणून आधी खिसा आणि कॅमेऱ्याची बॅग पाहावी. ए-६ आकार (१०५ × १४८ मिलिमीटर) शर्टाच्या मोठ्या खिशात किंवा जॅकेटात मावतो. तो नोंदींना पुरतो, रेखाटनाला अपुरा पडतो. ए-५ (१४८ × २१० मिलिमीटर) म्हणजे ए-४ कागदाची अर्धी घडी. एका पानावर नोंद आणि समोरच्या पानावर रेखाटन करायचे असेल तर हा आकार सर्वांत सोयीचा. ए-४ ची वही होडीत सांभाळणे अवघड जाते. कमलाभवानी मंदिराच्या आवारात निवांत बसून दीपमाळा किंवा गोपुर रेखाटायचे असेल, तर तिथे ती उपयोगी पडेल.

बांधणी कशी ओळखावी?

दुकानात वही मधोमध उघडून टेबलावर ठेवा. ती सपाट राहते की मिटू पाहते, ते बघा. केवळ गोंदाने चिकटवलेल्या वह्या सपाट उघडत नाहीत. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवल्यावर गोंद सैल होऊन पाने सुटण्याची भीती असते. स्पायरल वही पूर्ण दुमडता येते, एका हातात धरता येते. मात्र तिची तार बॅगेत दबते, दुर्बिणीच्या पट्ट्यात अडकते आणि पाने फाटून निघतात. पिनांची पातळ वही स्वस्त आणि हलकी, पण ओल लागली की पिना गंजतात.

जपून ठेवायच्या नोंदींसाठी धाग्याने शिवलेली, जाड पुठ्ठ्याची वही उत्तम. पुठ्ठा कडक असला की टेबलाची गरज उरत नाही. दिवाळीत वहीपूजनासाठी मिळणारी लाल कापडी चोपडी शिवलेली असेल, तर पेन्सिलने नोंदी करायला तीही चालते.

कमी खर्चातला आणखी एक पर्याय आहे. ए-४ आकाराचे ४० चांगले कागद घ्या. मधोमध घडी घालून आठ-आठ कागदांचे पाच गठ्ठे करा आणि बाइंडरकडून शिवून घ्या. १६० पानांची ए-५ वही तयार होते. शेवटचा गठ्ठा जाड कागदाचा ठेवला, तर रंगकामाची सोयही त्यातच होते.

जीएसएम म्हणजे काय आणि तो किती हवा?

एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन म्हणजे जीएसएम. शाळेच्या बहुतेक वह्यांचा कागद ५० ते ६० जीएसएमच्या आसपास असतो. त्यावर शाईपेन वापरले तर अक्षरे मागे उमटतात. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो आणि नोंदींना पुरतो. पेन-पेन्सिलच्या रेखाटनाला १०० ते १२० जीएसएम चांगला. हलका जलरंग द्यायचा असेल तर २०० किंवा त्याहून अधिक हवा. पाणी भरपूर वापरणारे ३०० जीएसएमचा कागद घेतात.

आकडा मोठा म्हणजे कागद चांगलाच, असे मात्र नाही. गुळगुळीत, चकचकीत कागदावर पेन्सिल घसरते. पुण्यातील हातकागद संस्थेत १९४० पासून हातकागद तयार होतो. सुती चिंध्यांपासून बनवलेला असा कागद टिकाऊ असतो आणि पेन्सिल, कोळसा यांना छान धरतो. पण त्याचा पोत खडबडीत असल्याने बारीक अक्षरांच्या नोंदी त्यावर अवघड जातात. जाड कागदाची वही वजनदार होते आणि त्याच जाडीत पाने कमी मिळतात, हेही लक्षात घ्यावे.

पाने रेघांची की कोरी?

रेघांवर चित्र बिघडते आणि कोऱ्या पानावर लिहिताना ओळ तिरकी जाते. दोन्ही कामे एकाच वहीत करायची तर फिकट ठिपक्यांची किंवा चौकटींची पाने बरी. चौकटींचा एक फायदा म्हणजे प्रमाण. चोच डोक्याच्या लांबीच्या किती पट, पाय शरीराच्या मानाने किती लांब, हे चौकटी मोजून काढता येते. काठाचा साधा नकाशा काढतानाही त्या उपयोगी पडतात.

पेन की पेन्सिल?

शंका असेल तर पेन्सिल. ती पाण्याने फुटत नाही, उलटी धरली तरी चालते आणि ओलसर कागदावरही बऱ्यापैकी उमटते. लिहायला एचबी, छटांना २बी पुरे. पेन्सिल जितकी मऊ, तितकी पाने एकमेकांवर घासून चित्र पुसट होते. बॉलपेनची तेलकट शाई पाण्यात सहसा पसरत नाही. अनेक जेलपेनांची शाई मात्र एका थेंबाने पसरते. बारीक टोकाचे जलरोधक पिगमेंट शाईचे पेन रेखाटनाला चांगले. घरीच चाचणी घ्या : एक ओळ लिहा, दहा मिनिटे वाळू द्या, वर पाण्याचे दोन थेंब टाका. अक्षर फुटले तर ते पेन जलाशयाच्या काठी नेऊ नका.

चित्र काढता येत नसेल तर?

क्षेत्ररेखाटन प्रदर्शनासाठी नसते. शरीरासाठी एक अंडाकृती, डोक्यासाठी गोल, चोच आणि पायांच्या रेषा, मग बाण काढून शब्द, एवढे पुरते. ‘चोच गुलाबी, टोक काळे’ असे लिहिले की मोठा रोहित ओळखता येतो. छोट्या रोहिताची चोच गडद लालसर-काळी दिसते. रेखाटन करताना पक्ष्याकडे दोन मिनिटे सलग पाहावे लागते. फोटो काढताना तेवढे पाहणे अनेकदा होत नाही.

पानावर काय-काय असावे?

क्रम ठरलेला असला की काही सुटत नाही. तारीख, गाव आणि नेमका काठ, सुरुवातीची व शेवटची वेळ, उजनीची टक्केवारी, वारा, ढग. त्याखाली प्रजाती, संख्या, वर्तन, फोटोंचे क्रमांक. मोठा थवा असेल तर आधी दहा किंवा शंभर पक्षी मोजून तेवढी जागा डोळ्यांत धरावी आणि थव्यात अशा किती जागा बसतात ते पाहावे. संख्या मोजलेली की अंदाजाने, तेही लिहावे. पायात कडे किंवा मानेत पट्टा दिसला तर रंग, अक्षरे, आकडे आणि डावा पाय की उजवा हे लगेच टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. त्यावरून तो पक्षी कुठून आला, हे समजू शकते.

फोटो आणि वही जोडण्याची सोपी युक्ती आहे. फेरीच्या सुरुवातीला मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने काढा, म्हणजे वेळेतला फरक कळतो. फेरी संपली की वहीच्या पानाचाही फोटो काढा. त्या दिवसाच्या फोटोंमध्येच नोंद कायमची राहते आणि वही हरवली तरी प्रत उरते.

मोबाइल ॲप पुरेसे नाही का?

ॲप जरूर वापरावे. ‘ई-बर्ड’सारख्या मोफत ॲपवर दिलेली यादी जगभरातील अभ्यासकांना उपलब्ध होते, ठिकाण आणि वेळ अचूक राहते. पण भर उन्हात पडदा दिसत नाही, ओल्या बोटांना तो दाद देत नाही, बॅटरी संपते आणि बाणांसह रेखाटन त्यात पटकन होत नाही. म्हणून काठावर वही आणि संध्याकाळी ॲप, ही जोडी योग्य. बेटांवर घरटी करणाऱ्या नदी सुरयसारख्या पक्ष्यांच्या घरट्यांची नेमकी जागा मात्र वहीतच ठेवावी, समाजमाध्यमांवर टाकू नये.

वही टिकवायची कशी?

झिपची प्लास्टिक पिशवी, पाने धरायला रबर किंवा क्लिप आणि नाडीने बांधलेली पेन्सिल एवढी तयारी पुरते. पहिल्या पानावर नाव आणि मोबाइल क्रमांक लिहावा. पुठ्ठा भडक रंगाचा असेल तर गवतात पडलेली वही सापडते. पाने ओली झाली तर उन्हात न ठेवता, मध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली वाळवावी. आणि होडीत बसताना आधी लाइफ जॅकेट, मग कॅमेरा-वही.

पहिल्यांदा घेणाऱ्याने महागडी वही घेऊ नये. पाने खराब होतील या भीतीने ती कोरीच राहते. ए-५ आकाराची, शिवलेली, ८० ते १०० जीएसएमची वही आणि एचबी पेन्सिल एवढ्यावर एक हंगाम काढावा. ती भरली की पुढची कशी हवी, हे तुमचे तुम्हालाच कळेल. भरलेल्या वहीच्या कण्यावर वर्ष घालून ती कपाटात उभी ठेवा. केत्तूरच्या काठावर अमुक साली रोहित किती होते, असे उद्या कुणी विचारले तर ती काढून दाखवता येईल.